सात बटणं

"थांब, टोपी राहिली," आई म्हणाल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या होत्या, मी उंबऱ्याबाहेर उकिडवी. मध्ये गोणपाटाचा तुकडा आणि त्यावर माझी चौदा महिन्यांची जुई. अंगावर फक्त कानटोपी. बाकी सगळं काढून झालं होतं. आईंनी तिच्या हनुवटीखालची नाडी सोडली, टोपी मागे टाकली आणि दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "घे. आता ती देवाची. कुणाचीही शिवाशिव नाही."

मी जुईला उचललं. अंग गार लागलं. डिसेंबरचा महिना, निफाड. त्या आठवड्यात पेपरात रोज पहिल्या पानावर आमच्या गावाचं तापमान छापून येत होतं. पाच, साडेचार. अण्णा, म्हणजे सासरे, ते मोठ्यानं वाचायचे, जसं काही घरातल्या कुणाचा नंबर आलाय.

मी बाजूला बसले होते. एरवी आमच्याकडे पाळीचं फार काही नव्हतं. देवघरात जायचं नाही, एवढंच. पण मार्गशीर्षातलं खंडोबाचं नवरात्र सहा दिवसांचं. घट बसलेला, अखंड दिवा तेवत असलेला. त्या सहा दिवसांत आई कडक असत, आणि मी नेमकी दुसऱ्या दिवशी बसले. मला बाहेरची खोली, वेगळं ताट, वेगळं अंथरूण. मला कुणी शिवायचं नाही, मी कुणाला शिवायचं नाही.

नियम एवढाच. त्याच्यापुढे सगळे अपवाद.

"उघड्या लेकराला विटाळ नसतो," आईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "विटाळ कपड्याला. म्हणून तुझ्याकडे येताना आमचे कपडे काढायचे, तुझ्याकडे तुझे घालायचे. परत येताना तुझे काढायचे, आमचे घालायचे."

"आणि मोबाइल?" मी विचारलं. कारण त्यांचा फोन सारखा अडायचा आणि तो मलाच सरळ करून द्यावा लागायचा.

"मोबाइलला काय? धातू."

"आणि अण्णांच्या गोळ्या? आठवड्याच्या डबीत मीच भरते."

"त्या पाकिटात असतात."

"पेपर?"

"पेपर दहा घरं फिरून येतो. त्याला कोण विचारतंय?"

त्या हे सगळं हसत हसत सांगायच्या, तेही खरं. आई खडूस नव्हत्या. तशा असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. त्या नकला करायच्या, अण्णांची टिंगल करायच्या, जुईच्या पाठीवरून हात फिरवताना कधी कधी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला पहाटे उठू द्यायच्या नाहीत. "रात्रभर जागतेस पोरीसाठी, झोप," म्हणायच्या.

आणि माझीही एक गरज होती. जानेवारीपासून मला नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळणार होती. पत्र आलं होतं. जुईला दिवसभर आईंकडेच ठेवायचं होतं. हे मी अजून त्यांना नीट विचारलंही नव्हतं. नवरात्र पार पडलं की, त्या खुशीत असताना, विचारायचं ठरवलं होतं. श्रीपाद, माझा नवरा, म्हणाला होता, "सहा दिवस तर आहेत. तू फक्त काढून टाक. आईचा मूड सांभाळ."

मी सांभाळत होते.

फक्त एकदा वाद घातला. दिवसातून आठ-आठ वेळा ते स्वेटर काढा, घाला. जुईला सर्दी झालीच होती. मी म्हटलं, "आई, तुमच्या त्या पूजेच्या धाबळीला विटाळ नसतो ना?"

"नसतो. लोकरीला नाही, रेशमालाही नाही."

"मग हिचं स्वेटर लोकरीचंच आहे की. ते राहू दे अंगावर."

आईंनी स्वेटरची बाही दोन बोटांत धरून चोळली. लाल स्वेटर, पुढून सात बटणं. माझ्या आईनं विणलेलं. माझ्या वडिलांचं एक जुनं स्वेटर होतं, ते उसवून तिनं त्याच लोकरीचं नातीसाठी केलं होतं.

"ही कसली लोकर? हे ॲक्रिलिक," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा धुतलं की गोळे येतात बघ."

"बाबांचं जुनं होतं. तेव्हा कुठे ॲक्रिलिक..."

"तेव्हाच तर आलं. मी दुकानात बघितलंय ना. बायका लोकर म्हणून घ्यायच्या, आणि दुकानदार आत हसायचा." मग समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "अगं, खरी लोकर असती तर मी कशाला काढलं असतं? मला काय हौस आहे? पुढच्या वर्षी आपण तिला रेशमी झबलंच शिवू. मग बस म्हणावं कितीही दिवस."

आम्ही दोघी हसलो. बी.एस्सी.ला आम्हांला केमिस्ट्री शिकवणाऱ्या गाडगीळ मॅडम म्हणायच्या, "मुलींनो, नियम कुणालाही येतो. परीक्षेत अपवाद विचारतात." मी अपवादांत पहिली यायचे. क्रोमियम, कॉपर, सगळे तोंडपाठ. त्या दिवशी मला वाटलं होतं, इथेही मीच पहिली.

मी बसल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला जुईचा ताप शंभर होता. मी एका वहीत लिहून ठेवायचे. ताप, दूध, शी, झोप, सगळं वेळेसकट. श्रीपाद त्या वहीला जुईचं पोलिस स्टेशन म्हणायचा. मी त्यात लिहिलं: सहा, शंभर, औषधाचे थेंब दिले. श्रीपाद पहिल्या पाळीला कामावर गेला होता. आठला पुन्हा शंभर पॉइंट चार.

"दात येताहेत," आई आतून म्हणाल्या. "श्रीपादला अस्सा ताप यायचा. आण इकडे, मी झोपवते. तू जरा पड."

मी माझ्याकडचं झबलं काढलं. जुई कुरकुरली. त्यांनी तिला आत घेतलं, स्वेटर चढवलं, वर टोपी, वर दुपटं. जुई माझ्याकडे बघत होती. मी तिला हात हलवून टाटा केला.

दहाच्या सुमाराला माझ्या बहिणीचा, मेधाताईचा, पुण्याहून फोन आला.

"काय गं, सुटलीस का?"

"उद्या न्हाणं आहे. तोवर मी स्फोटक पदार्थ."

मग मी तिला सगळं सांगितलं. पेपरची गंमत, गोळ्यांची डबी, ॲक्रिलिकचा निवाडा. आईंचा आवाज काढून सांगितलं. "मोबाइलला काय? धातू!" ताई खो खो हसत होती. "आणि स्टीलचं ताट का वेगळं मग? ते काय लाकूड?" ती म्हणाली, आणि मलाही हसू आवरेना. मी तोंडावर पदर धरला, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"शलाका!"

आईंचा हा आवाज मी काढून दाखवू शकत नाही. तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मी फोन टाकून उठले. आई उंबऱ्याशी आल्या होत्या, हातात जुई. जुईचे डोळे वर गेलेले, फक्त पांढरं दिसत होतं. दोन्ही हात मुठी वळून झटके देत होते, एका लयीत, कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखे. ओठांच्या कडेला फेस. मागे अण्णा, कपाळावर चष्मा, नुसते "अरे, अरे" म्हणत.

मी दोन्ही हात पुढे केले.

"थांब," आई म्हणाल्या. "थांब, थांब..."

त्या खाली बसल्या. जुईला गोणपाटावर ठेवलं. दुपटं काढलं. टोपीची नाडी ओढली, ती उलटी ओढली गेली आणि गाठ बसली. त्यांनी टोपी तशीच वर सरकवून काढली. मग स्वेटर. त्यांचे हात कणकेचे होते. बोटांना पीठ चिकटलेलं. पहिलं बटण निघालं. दुसरं निघालं. जुईच्या हाताचे झटके त्यांच्या मनगटावर आपटत होते. तिसरं. चौथं काजात अडकलं, काजाचा धागा बटणाला गुंडाळला गेला होता. आई ते नखानं सोडवत होत्या आणि तोंडानं "येळकोट, येळकोट" पुटपुटत होत्या. पाचवं. सहावं.

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. हात पुढेच होते.

सातवं.

बाह्यांतून हात काढले तेव्हा झटके थांबले होते. जुई निळसर, सैल पडली होती. आतलं झबलंही त्यांनी काढलं. मग दोन्ही हातांनी उचलून तिला माझ्या हातांवर ठेवलं.

"घे," त्या म्हणाल्या.

अण्णांनी शेजारच्या जाधवांना हाक मारली, त्यांची गाडी दारातच असायची. आईंनी अंगावरची पूजेची रेशमी शाल काढली आणि माझ्या हातातल्या जुईभोवती गुंडाळली. अण्णा पुढे बसले, मी मागे, आणि आई माझ्या शेजारी येऊन बसल्या. अंगाला अंग लावून. एक हात जुईच्या डोक्याखाली, एक माझ्या पाठीवर.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आई, तुम्ही मला शिवलात."

"गाडीत चालतं," त्या म्हणाल्या. मग काही वेळानं, रस्त्याकडे बघत, "दवाखान्याला निघाल्यावर काही नसतं गं. संकटात कसला विटाळ?"

तोपर्यंत जुई रडायला लागली होती. तिचं ते रडणं ऐकून जाधव पुढून म्हणाले, "रडतीये ना, मग काळजी नाही वहिनी." मी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन तो आवाज ऐकत होते. मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

डॉक्टर बोरस्ते शांत माणूस. त्यांनी जुईला तपासलं, ताप बघितला, एकशे तीन. गुदद्वारातून औषध दिलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"तापातला झटका आहे. या वयात काही मुलांना येतो. घाबरायला होतं, पण बहुतेक वेळा मागे काही राहत नाही. मला एक सांगा, झटका किती वेळ होता?"

मी. जी शीसुद्धा वेळेसकट लिहून ठेवायची.

"किती वेळ, वहिनी? एक मिनिट? पाच मिनिटं? हे महत्त्वाचं असतं."

"दोन," मी म्हटलं. "दोनेक मिनिटं."

त्यांनी लिहून घेतलं. मग शाल बाजूला करून जुईकडे बघितलं. "आणि कपडे काढलेत हे फार चांगलं केलंत. लोक काय करतात, ताप आला की गोधड्या गुंडाळतात, मग झटका येतो. आणि झटका आल्यावर आणखी एक गोधडी. मी सांगून थकलो. कुणी काढले कपडे?"

अण्णांनी आईंकडे बघितलं. आईंनी माझ्याकडे. पुष्कळ वेळ बघितलं, असं मला वाटलं. मी एक शब्द बोलले असते तर त्या गप्प बसल्या असत्या, अशी माझी अजून समजूत आहे.

"मी काढले," आई म्हणाल्या.

"शाबास, आजी. सुशिक्षितांना सुचत नाही हे."

आम्हांला दुपारपर्यंत तिथेच थांबायला सांगितलं. जुई झोपली. बाहेर बाकावर आई आणि मी. त्यांच्या बोटांवरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं, त्या ते नखानं खरवडत होत्या.

"तू का थांबलीस गं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुम्ही म्हणालात थांब."

"मी काहीही म्हणेन. माझा जीव थाऱ्यावर होता का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तू आई ना तिची? यायचं उंबरा ओलांडून. मला ढकलून घ्यायचं. मी काय तुला धरून ठेवणार होते?"

"मला कसं कळणार, की तेव्हा चालतं म्हणून?"

"हे काय सांगावं लागतं?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. खरोखरच्या आश्चर्यानं. "एवढी शिकलेली तू."

संध्याकाळी श्रीपाद आला. अण्णांनी त्याला सगळं सांगितलं. तो जुईजवळ बसला, तिचा तळपाय हातात धरून. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आईला सुचलं म्हणून बरं."

"हो," मी म्हटलं.

चंपाषष्ठीला मी न्हाऊन घरात आले होते. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, तळी भरायला पंधरा-वीस माणसं. भंडाऱ्यानं सगळ्यांची कपाळं पिवळी. आईंनी ताटावर बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं: अशी पोरगी निळी पडली, आणि मला काय बुद्धी झाली देव जाणे, भराभर कपडे काढले. डॉक्टर म्हणाले, शाबास आजी. चुलतसासूबाई म्हणाल्या, "खंडोबानंच सुचवलं गं." आणि आई म्हणाल्या, "तर काय." मी भरीत वाढत होते. कुणीतरी म्हणालं, "आणि शलाका काय करत होती?" आई चटकन म्हणाल्या, "ती बाहेरच्या खोलीत होती ना." त्यांनी मला वाचवलं, असंही म्हणता येईल.

वाढून झाल्यावर मी नोकरीचं विचारलं. "खुशाल जा," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ ठेवून तुला काळजी कसली? आता तर डॉक्टरनंही सांगितलं."

जानेवारीत मी रुजू झाले. पहिल्या आठवड्यात काम फारसं नव्हतं, बाटल्या पुसायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. एका दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी पर्समधून धागा काढला. जुईच्या त्या स्वेटरच्या चौथ्या काजाचा होता, त्या दिवशी आईंच्या नखानं उसवलेला. घरून निघताना मी तो कापून आणला होता.

ही चाचणी शाळेतलं पोरही करतं. ॲक्रिलिक ज्योतीत धरलं की वितळतं, आणि टोकाला काळा, कडक मणी तयार होतो. खरी लोकर वितळत नाही. ती आक्रसते, बोटांत धरली की भुगा होतो, आणि केस जळल्याचा वास येतो.

मी चिमट्यात धरून धागा ज्योतीवर नेला.

केस जळल्याचा वास आला.

मी उरलेली राख बोटांत चुरडली. भुगा झाला. मग सगळ्या खिडक्या उघडल्या. हात धुतले. एक धागा आणि एक काडी, एवढंच लागलं होतं. काड्यापेटी तर बाहेरच्या खोलीत, माझ्या उशाशीच होती तेव्हा. रात्री वीज गेली तर मेणबत्ती लावायला आईंनीच दिली होती. काड्यापेटीलाही विटाळ नव्हता.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगून काय मिळालं असतं? आई म्हणाल्या असत्या, अगं बाई, खरी लोकर होती का, आधी नाही का बोलायचंस.

जुई आता आठ वर्षांची आहे. तिला पुन्हा कधी झटका आला नाही. मी ती वही अजून लिहिते, आता त्यात फक्त तिची उंची आणि वजन असतं, पण तिला नुसती शिंक आली तरी मी रात्री तीनदा उठते. ते लाल स्वेटर कपाटात तळाशी आहे. आई दर चंपाषष्ठीला ती गोष्ट सांगतात. दर वर्षी ती थोडी लांबते. गेल्या वर्षी त्यात डॉक्टरांनी आईंच्या पायाला हात लावला.

जुईला ती गोष्ट फार आवडते, कारण गोष्टीत तीच आहे. यंदा ती आजीच्या मांडीवर रेलून ऐकत होती. मी समोर वांगी सोलत होते. भाजलेल्या वांग्याचं साल बोटांना चटके देतं, म्हणून मी बोटं पाण्यात बुडवून परत सोलत होते.

"आणि मग मी भराभर भराभर सगळे कपडे काढले," आई म्हणाल्या.

"आणि आई?" जुईनं विचारलं. मग माझ्याकडे वळली. "आई, तू तेव्हा काय करत होतीस?"

आई वांग्यांच्या टोपल्याकडे बघायला लागल्या.

"मोजत होते," मी म्हटलं.

"काय मोजत होतीस?"

"तुझ्या स्वेटरची बटणं."

जुई खदखदून हसली. "काय गं आई तू पण! मग? किती होती?"

"सात," मी म्हटलं.